एका दाबात उघडलेले दार

“काच फुटलेली नाही, कुलूप मोडलेलं नाही, भोंगा वाजलेला नाही, आणि पेटी मात्र नाही,” असे म्हणून त्या बाई खुर्चीत बसल्या.

समोर बसलेल्या गृहस्थांना मित्रमंडळी ‘नैयायिक’, म्हणजे तर्कशास्त्री, म्हणत. खाजगी शोधाचे काम ते गेली अनेक वर्षे करीत होते. आणि धूर दिसला तरी विचारपूस केल्याशिवाय अग्नी मान्य करायचा नाही, हा त्यांचा स्वभाव सर्वांना ठाऊक होता. शेजारी त्यांचे स्नेही दंतवैद्य बसले होते. दवाखान्यातून सुटका झाली की ते इथे येत आणि न विचारता मत देत.

“पेटीत काय होतं?” नैयायिकांनी विचारले.

“बाबांचं भिंग. दुर्बिणीचं. आयुष्यातली शेवटची अकरा वर्षं त्यांनी ते एकच भिंग घासलं. परवा ते वेधशाळेला द्यायचं होतं. मी गाडीतून घेऊन गेले, तिथं मागचं दार उघडलं, तर आत काही नाही.”

“पेटी गाडीत ठेवली कुणी?”

“माझ्या धाकट्या भावानं. कार्यशाळा तोच बघतो. त्यानं मागच्या सीटच्या पायथ्याशी ठेवली. मी पुढं बसले, त्यामुळे मागं पाहिलंच नाही. किल्ली सारथीकाकांकडे. वाटेत मी औषधं घ्यायला उतरले, तेवढा वेळ गाडीजवळ ते एकटेच होते.” सगळे ज्यांना ताई म्हणत, त्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. “तीस वर्षं आमच्याकडे आहेत हो. सारथी हे नाव बाबांनीच ठेवलं. पण वेधशाळेचे संचालक ऐकायला तयार नाहीत. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर पोलिसांत तक्रार द्या, म्हणतात. आणि तक्रारीत नाव कुणाचं घालू? किल्ली ज्याच्या खिशात, त्याचंच ना?”

“उघडच आहे,” दंतवैद्य म्हणाले.

“उघडं आहे की बंद, तेच पाहायचं आहे,” नैयायिक उठले.

खाली गाडी उभी होती. दंतवैद्यांनी घाईने मागच्या दाराची मूठ ओढली. दार हलले नाही. त्यांनी पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली.

“साहेब, दाढ नव्हे ती!” सारथी लगबगीने आले. केस पिकलेले, सदरा इस्त्रीचा, डोळे मात्र दोन रात्री न झोपल्यासारखे. “थांबा, पुन्हा दाबतो. किल्लीचं बटण माझ्यासारखंच म्हातारं झालंय. पहिल्या दाबाला अर्धवट घेतं. कधी पुन्हा दाबतो, कधी आत बसून उघडतो.”

त्यांनी बटण पुन्हा दाबले. दार उघडले.

“किल्ली बघू,” म्हणून दंतवैद्यांनी ती हाती घेतली. “आणि हे लाल बटण कशाचं?”

उत्तर येण्यापूर्वीच त्यांनी ते दाबले. गाडी किंचाळू लागली. दिवे भकाभक उघडझाप करू लागले, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या, आणि एका आजोबांनी गच्चीवरून “बंद करा तो गोंगाट!” असा आदेश दिला. सारथींनी किल्ली हिसकावून घेतली तेव्हा कुठे शांतता झाली.

“संकटात मदतीला बोलवायचं बटण आहे ते,” ताई ओशाळून म्हणाल्या. “गाडी मी परदेशातून येताना बरोबर आणली. तिकडे एकटीच राहायचे. माझ्या गाडीत दुसरं कुणी बसायचंच नाही.”

कार्यशाळेकडे जाताना वाटेत नैयायिकांनी सारथींना घडलेले सांगायला लावले.

“मी कार्यशाळेच्या पायरीवर होतो, साहेब. धाकटे साहेब पेटी घेऊन गाडीपाशी गेले. तिथून ओरडले, ‘उघडा!’ मी दाबलं. गाडीनं डोळे मिचकावले. दार लागल्याचा धप्प आवाज आला. ‘लावा!’ म्हणाले. मी लावली.”

“किती वेळा दाबलंत?”

“उघडायला एकदाच. त्या दिवशी मेलं एका दाबात नीट चाललं. नशीब फुटकं असलं की असंच होतं बघा.”

“पेटी आत ठेवताना पाहिलीत?”

“नाही. ते दोन गाड्यांच्या मधे होते. पाठच दिसत होती.” मग ते म्हणाले, “साहेब, पाहिली असं म्हटलं तर मी सुटतो का अडकतो?”



कार्यशाळेच्या अंगणात तशीच दुसरी गाडी उभी होती. तेच मॉडेल, तोच करडा रंग.

“माझी,” धाकटे साहेब म्हणाले. “ताईची पाहिली, आवडली, इथं तशीच घेतली.” तरतरीत, देखणा माणूस, पण बोलताना सारखा मनगटावरचे घड्याळ फिरवीत होता. “मी काय सांगणार? दोन्ही हातांत पेटी होती. काकांनी एकदा बटण दाबलं, मी मागचं दार उघडलं, पेटी खाली ठेवली, दार लावलं. काकांनी चोरली असं मी म्हणत नाही. पण माझ्यानंतर गाडी उघडली त्यांनीच.”

“दोन्ही हातांत पेटी असताना दार कसं उघडलंत?”

“पेटी छातीशी धरली एका हातानं. त्यात काय?”

“काही नाही,” नैयायिक म्हणाले. खरोखरच त्यात काही नव्हते.

आत जुना कारागीर ओल्या फडक्याने फरशी पुसत होता. खोलीत पाण्याचा आणि भिंग घासायच्या लाल पुडीचा वास होता.

“खिडकीतनं बघितलं मी,” तो म्हणाला. “धाकटे साहेब गाड्यांच्या मधे वाकले, मागचं दार उघडलं, पेटी ठेवली.”

“कोणत्या गाडीचं दार?”

“ताईंच्याच, दुसरं कुठलं? आता इथनं छपरं आणि उघड्या दाराचा काठ तेवढा दिसतो, आणि छपरं जुळ्या भावांसारखी.”

“पेटी तुम्ही बांधली होतीत?”

“नाही ना! आजवर प्रत्येक भिंग मीच बांधलं. या वेळी साहेब म्हणाले, बाबांचं आहे, शेवटचा हात मी फिरवतो. आदल्या दिवशी एकटेच बसले होते. दुसऱ्या दिवशी पेटी बांधून तयार.” त्याने फडके जोरात पिळले. “आणि वर इथं कुणीतरी कोरडा झाडू मारला! भिंगाच्या खोलीत कोरडा झाडू! एक कण उडून काचेवर बसला की महिन्याची मेहनत पाण्यात. मोठे साहेब असते तर झाडूसकट बाहेर काढला असता त्याला.”

“कुणी मारला?”

“धाकटे साहेब म्हणाले, सारथीनं मारला असेल. सगळं त्या बिचाऱ्याच्याच माथी मारा!”

दुपारी दोघे गाड्यांच्या विक्रीकेंद्रात गेले. तेथल्या मेकॅनिकने तेच मॉडेल बाहेर काढले आणि उत्साहाने सगळे करून दाखविले. एकदा दाबले की चारही दारे उघडतात. लावली की भोंगा ‘पीप’ करतो. किल्लीने लावलेल्या गाडीचे दार कुणी इतर मार्गाने उघडले की भोंगा गल्ली जागी करतो. दंतवैद्यांनी हौसेने लाल बटण शोधले, पण ते नव्हतेच.

“असलं बटण आमच्या मालात येत नाही,” मेकॅनिक म्हणाला.

“गाडी उत्तम आहे,” दंतवैद्य बाहेर पडताना म्हणाले, “आणि सारथी चोर आहे. भोंगा वाजला नाही, म्हणजे दार किल्लीनंच उघडलं. किल्ली त्याच्याकडे. खेळ खलास.”

नैयायिक रस्त्याच्या कडेला थांबले आणि त्यांनी हातातली छत्री जमिनीवर आपटली. एवढा संयमी माणूस असा चिडलेला दंतवैद्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

“सकाळपासून मी माती उपसतो आहे आणि पाण्याचा थेंब नाही! प्रत्येक साक्षीदार खरं बोलतो, प्रत्येक वाट त्या म्हाताऱ्याच्या दाराशी जाते. अहो, ज्याला चोरी करायची तो संशय टाळायला एखादी काच तरी फोडील! हा माणूस स्वतःला वाचवील असा एकही शब्द बोलत नाही. उलट म्हणतो, त्या दिवशी एका दाबात…”

ते मधेच थांबले.

“काय झालं?”

“दंतवैद्य, आपण कोणती गाडी पाहिली?”

“तीच की.”

“तीच नव्हे. तशीच.” छत्री उचलून ते झपाझप चालू लागले. “चला. संध्याकाळ व्हायला आली.”

अंगणात सारे जमले होते. संचालक आतल्या खोलीत तक्रारीची वाट पाहत होते. सारथी भिंतीशी उभे होते, बसायला कुणी सांगितले नव्हते.

“एक प्रयोग करू,” नैयायिक म्हणाले. “दोन्ही गाड्या परवासारख्या उभ्या आहेत. धाकटे साहेब, ही रिकामी पेटी घ्या आणि परवा केलंत तेच करा. सारथी, पायरीवरून बटण एकदाच दाबा.”

“हा काय पोरखेळ?” धाकटे साहेब हसले, पण पेटी छातीशी धरून ते ताईंच्या गाडीपाशी गेले. “उघडा!”

सारथींनी दाबले. दिवे लुकलुकले. धाकट्या साहेबांनी मागच्या दाराची मूठ ओढली.

दार उघडले नाही.

त्यांनी पुन्हा ओढली. कारागिराने खिडकीतून मान बाहेर काढली.

“बटण म्हातारं झालंय,” सारथी घाबरून पुटपुटले. “पहिल्यांदा अर्धवट…”

“बटण धडधाकट आहे,” नैयायिक म्हणाले. “आता चालकाचं दार ओढा.”

ते लगेच उघडले.

“आता ऐका. आमच्या शास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. अग्नी असला की धूर असतोच असं लोक धरून चालतात. पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळं. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि ती नजरेआड झाली की शहाण्याचंही अनुमान फसतं. इथं आम्ही समजलो, एकदा दाबलं की चार दारं उघडतात. विक्रीकेंद्रात ते डोळ्यांनी पाहिलं. पण तिथं सगळ्या गाड्या इथल्या बाजारासाठी बनवलेल्या होत्या. ताईंची गाडी दुसऱ्या देशासाठी बनली. तिच्या किल्लीवर इथं न मिळणारं लाल बटण आहे, हे तर दंतवैद्यांनी साऱ्या गल्लीला कळवलंच.”

“कळवलं खरं,” दंतवैद्य म्हणाले.

“त्याच किल्लीत दुसराही फरक आहे. पहिल्या दाबाला फक्त चालकाचं दार उघडतं, बाकीची दुसऱ्या दाबाला. एकट्या माणसाच्या गाडीत दुसऱ्या दारानं कुणी शिरू नये म्हणून ही सोय. ताई तिकडे एकट्याच असायच्या, त्यांना दुसऱ्या दाबाची गरजच पडली नाही. सारथींना वाटलं बटण झिजलं. सकाळी दंतवैद्य याच दाराशी झटले, तेव्हा मला समजायला हवं होतं. दिवस फुकट गेला.”

ते धाकट्या साहेबांकडे वळले.

“परवा बटण एकदाच दाबलं गेलं, हे सारथी सांगतात आणि तुम्हीही सांगता. म्हणजे मागचं दार कुलूपबंद होतं. पेटी ताईंच्या गाडीतून चोरीला गेलीच नाही, कारण ती तिथं ठेवलीच गेली नाही. दिवसभर आम्ही शोधत होतो ती बाहेर कशी आली! मग सारथींनी धप्प आवाज ऐकला तो कोणत्या दाराचा? कारागिरांनी उघडलेलं पाहिलं ते कोणतं दार? शेजारी दुसरी गाडी एकच होती, तुमची, आणि ती तुम्ही आधीच उघडून ठेवली होती. आणि तुमच्या गाडीसारखीच ताईंचीही एका दाबात उघडते, असं तुम्ही धरून चाललात.”

धाकट्या साहेबांच्या हातातली रिकामी पेटी खाली आली.

“पण त्यानं कशाला?” ताईंनी विचारले. “भिंग तर त्याचंही होतं!”

“चोरायला नव्हे, लपवायला. आदल्या दिवशी हे भिंगापाशी एकटे होते. पेटी कारागिरांना बांधू दिली नाही. आणि जिथं कोरडा झाडू म्हणजे पाप, तिथं कुणीतरी घाईनं झाडू मारला. भिंगकाराच्या घरात झाडू हातात घ्यायला लागावा, असं खाली काय सांडलं असेल?”



“कडेचाच तुकडा गेला,” धाकटे साहेब म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. “हातातून निसटलं. अकरा वर्षं, ताई. मला बाबांनी कधी त्याला हात लावू दिला नव्हता, आणि पहिल्यांदा लावला तर… फोडलं असं सांगण्यापेक्षा चोरीला गेलं असं झालं तर बरं, असं वाटलं. काकांचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही. आणि आलं तेव्हा मी गप्प बसलो. माझ्या कपाटात आहे ते.”

ताई आत गेल्या. संचालकांना काय सांगितले ते बाहेर ऐकू आले नाही. पण परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्या सारथींसमोर उभ्या राहिल्या. हात जोडावेत की पायांवर वाकावे, हे त्यांना कळत नव्हते.

सारथींनी त्यांना काहीच करू दिले नाही. ते धाकट्या साहेबांपाशी गेले.

“बाळ,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी ही हाक मारली नव्हती. “मला सांगायचं होतंस. माझ्या हातून फुटलं, असं मी सांगितलं असतं. फुटलं म्हणायची मला लाज नव्हती रे.”

धाकट्या साहेबांनी मान वर केली नाही.

“काका, घरी सोडते,” ताई म्हणाल्या.

“नको, ताई. आज पायीच जातो.”

फाटक नीट ओढून घेऊन ते रस्त्याला लागले. दंतवैद्य काहीतरी बोलणार होते. पण नैयायिकांचा चेहरा पाहून त्यांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, तोंड मिटून घेतले.