गावकचरा

मौनपट्ट्यात पेट्रोलच्या मोटारसायकलला बंदी होती, कारण तिच्या प्लगमध्ये उडणारी ठिणगीसुद्धा रेडिओलहरी सोडते. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून डिझेलचे टेम्पो चालत. मोबाइल नाही, वायफाय नाही, लग्नात बिनतारी माईक नाही. चौदा गावांचं ते पठार एकवीस वर्षं असं गप्प बसवलेलं होतं, कारण त्याच्या मधोमध अंतराळ श्रवण केंद्राच्या दोनशे तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळ बुद्धिमान जीव असतील आणि ते काही बोलत असतील, तर ते बोलणं इथवर पोचेपर्यंत इतकं क्षीण होतं, की शेजारच्या घरातला एक मोबाइल त्याला बुडवून टाकतो. तेव्हा गावांनी गप्प बसायचं, असं ठरलं. ठरवताना गावांना कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

यातल्या खडकवस्तीच्या दूध संकलन केंद्रावर वैजयंता खिलारे काम करायची. सकाळी सहा ते आठ दूध घ्यायचं, मापायचं, फॅट तपासायचं आणि टेम्पो आला की कॅन चढवायचे. तिची मुलगी केतकी जन्मतः बहिरी होती. ती दोन वर्षांची असताना जिल्ह्याच्या हॉस्पिटलात तिच्या कानात शस्त्रक्रिया करून यंत्राचा एक भाग आत बसवला होता. दुसरा भाग कानामागे बाहेर लावायचा. बाहेरचा भाग आवाज टिपतो आणि कातडीतून रेडिओलहरींनी आत पाठवतो, आतला भाग तो थेट मज्जातंतूला देतो. मौनपट्ट्यात अशा यंत्राला खास सवलत लागते. हॉस्पिटलने अर्ज केला आणि ती मिळाली. वर्षभरात केतकी ‘आई’ म्हणायला लागली, ‘टेम्पो’ म्हणायला लागली, आणि कॅनचं झाकण पडलं की दचकून हसायला लागली. डॉक्टर दर खेपेला एकच बजावत. पाचव्या वर्षापर्यंत मेंदू आवाजाचा अर्थ लावायला शिकतो, त्यानंतर ती जागा तो दुसऱ्या कामाला देऊन टाकतो, म्हणून यंत्र एक दिवसही काढू नका.

केतकी तीन वर्षांची झाली त्या वर्षी चार नोव्हेंबरला, केंद्राच्या निरीक्षण पथकाचे दळवी अँटेनाची गाडी घेऊन दारात आले. सकाळी सात चाळीसला खडकवस्तीतून सवलतीच्या मर्यादेपलीकडच्या, अनधिकृत लहरी निघाल्या, असं त्यांच्या नोटिशीत लिहिलं होतं. लहरींची जात केतकीच्या यंत्राशी जुळत होती आणि त्या जातीचं दुसरं यंत्र चौदा गावांत नव्हतं. दळवींनी मुलीच्या कानामागचा भाग काढला, पाकिटात घालून पाकीट सीलबंद केलं, आणि चौकशी महिनाभरात संपेल असं सांगितलं. केतकी त्या पाकिटाकडे हात करून ‘आई, आई’ म्हणत राहिली.

एकोणीस नोव्हेंबरला दुसरी नोटीस आली. लहरी अजून निघत होत्या, तेव्हा घरात दुसरं यंत्र लपवलेलं असणार, हे उघडच होतं. पथकाचा अहवाल दर पंधरवड्याला निघायचा, तशी दर पंधरवड्याला नोटीस यायची. तीनदा घराची झडती झाली. एकदा तर त्यांनी पिठाचा डबा उपडा केला. वैजयंताने विनंतीचे अर्ज केले, एक ना दोन, एकोणीस. गावांकडून आलेले अर्ज पथकाकडेच जात आणि पथक त्यांवर ‘चौकशी चालू’ असा शिक्का मारी. गाव सोडून जावं म्हटलं तर यंत्र पाकिटात होतं, आणि नवं मिळेना, कारण सरकारी यादीत केतकीच्या नावावर एक यंत्र आधीच दिलेलं होतं. एखाद्या लेकराचे कान कपाटात ठेवून वर कागदोपत्री ते तिच्याकडेच आहेत म्हणायला किती निगरगट्टपणा लागत असेल!

साडेदहा महिन्यांनी, बाविसाव्या नोटिशीनंतर, नोटिसा आपोआप थांबल्या. पाकीट मात्र परत आलं नाही.

दर वर्षी विज्ञान दिनाला केंद्राची दारं गावकऱ्यांना उघडत. ज्यांच्या नावावर गुन्हा असेल त्यांना मज्जाव होता, पण शेवटच्या नोटिशीला वर्ष उलटलं की ती अट सुटायची. वैजयंताला प्रवेश मिळाला तेव्हा केतकी सव्वापाच वर्षांची होती. केंद्राचे प्रमुख डॉ. चिंतामणी उपासनी त्या दिवशी स्वतः भाषण देत. त्यांच्या हातात अर्ज द्यायचा म्हणून ती सगळ्या नोटिसा पिशवीत घेऊन पुढे बसली.

उपासनी सज्जन माणूस होते आणि बोलायचेही छान. ते म्हणाले, आपलं घड्याळ सूर्यावर लावलेलं आहे. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबाने तिची एक फेरी चोवीस तासांच्या चार मिनिटं आधीच पुरी होते. आज एखादा तारा आठला डोक्यावर आला, तर उद्या आठला चार मिनिटं कमी असताना येईल. पंधरा दिवसांनी सातलाच येईल.

वैजयंता उभी राहिली.

“साहेब, पंधरा दिवसांत एक तास, हे नक्की का?”

“नक्की. मिनिटभर इकडेतिकडे.”

तिने पिशवीतून गठ्ठा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. पहिली नोटीस सात चाळीसची. दुसरी सहा एक्केचाळीसची, तिसरी पाच बेचाळीसची, चौथी चार त्रेचाळीसची.

“ही वेळ माझ्या घरातली न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या गाया सूर्य बघून दूध देत्यात आणि टेम्पो घड्याळ बघून येतो. दर पंधरवड्याला तासभर आधी काम उरकणारं आमच्या गावात कोण न्हाई. तुमच्या आभाळात हाय का, ते बघा.”

उपासनींनी आठव्या नोटिशीपर्यंत वाचलं आणि ते खुर्चीत बसले. भाषण तिथेच संपलं.

हे घडलं कसं, ते समजून घेणं अवघड नाही. तबकड्यांवर रोज इतकं काही येऊन आदळतं की माणसाने ते बघणं अशक्य. म्हणून एक संगणकीय चाळण बसवलेली होती. आलेल्या लहरी माहितीतल्या एखाद्या यंत्राशी जुळल्या, की चाळण त्या बाजूला टाकी आणि पथकाला कळवी. मग त्या कोणत्या दिशेने आल्या, हे तपासण्यात ती वेळ घालवत नसे. या बाजूला टाकलेल्या ढिगाला केंद्रातले लोक गमतीने ‘गावकचरा’ म्हणत. शास्त्रज्ञ गावकचरा उघडत नसत आणि पथकाला ताऱ्यांचं गणित ठाऊक नव्हतं. वरच्या सगळ्या विद्वानांपैकी एकालाही बावीस कागद एकाखाली एक ठेवून वाचावेसे वाटले नाहीत, कारण ते कागद एका दूधवालीच्या नावाचे होते. मला संताप येतो तो चाळणीचा नाही. ढिगाला ते नाव देऊन हसणाऱ्यांचा येतो.

कचरा पुसलेला नव्हता. सात महिने तपासणी चालली, आणि तोवर पाकीटही पुरावा म्हणून कपाटातच राहिलं. लहरी एका मंद ताऱ्याकडून आल्या होत्या, त्यांच्यात ठरावीक गटांची मांडणी होती, आणि ती निसर्गात आपोआप घडत नाही. साडेदहा महिने रोज कुणीतरी आपल्याला हाक मारत होतं. मग ते थांबलं. जगभर दिवाळी झाली. खडकवस्तीचं नाव कुठेच आलं नाही.

उपासनी यंत्राचं पाकीट घेऊन स्वतः खडकवस्तीला आले. केतकी तेव्हा सहाला टेकली होती. त्यांनी हात जोडून माफी मागितली आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. वैजयंताने चहा दिला. ते बराच वेळ बोलत होते. या विश्वात आपण एकटे नाही, हे माणसाला पहिल्यांदा कळलं होतं, आणि ते तिच्यामुळे कळलं होतं. असा शोध हजार वर्षांत एकदा लागतो, त्यासाठी काही सोसावं लागलं तरी तो निरर्थक ठरत नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हाक पुन्हा येईल, तेव्हा ती चुकता कामा नये, म्हणून मौनपट्टा आता चौदा गावांवरून साठ गावांवर न्यायचं ठरलं होतं. या वेळी चाळण सुधारू, असंही ते म्हणाले.

“त्या साठ गावांत अशी यंत्रं लावलेली किती पोरं हायत?” तिने विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. माहिती मागवतो म्हणाले.

“शोधू नका, असं मी म्हणत न्हाई,” वैजयंता म्हणाली. “मलाबी वाटतं, कोण असंल तिकडं. पण साहेब, सोसलं कुणी? तुम्ही सोसलं असतं तर तुम्ही म्हणावं, वाया गेलं न्हाई. हिनं सोसलं. हिला विचारा.”

उपासनींनी पाकीट फोडलं. वैजयंताने यंत्र केतकीच्या कानामागे लावलं आणि चालू केलं. केतकी ताठ झाली. वैजयंताने हाक मारली, पुन्हा मारली, मग कॅनचं झाकण जमिनीवर टाकलं. मुलीने कपाळाला आठ्या घातल्या आणि आईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. आवाज आत पोचत होता, पण तो कशाचा आहे हे सांगणारं आत कुणी उरलं नव्हतं. वर्षानुवर्षं सराव केला तर थोडंफार येईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. थोडंफार, म्हणजे बोलणं नव्हे.

केतकीने दोन मिनिटं तो गोंगाट सहन केला. मग कानामागे हात घालून यंत्र काढलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि ज्यांनी ते आणलं होतं त्या उपासनींच्या हातात, पाहुण्यांची विसरलेली वस्तू द्यावी तसं, परत दिलं.