ओल्या चुन्यातला आवाज

"चपला इथे काढा, हे मोजे घाला आणि प्रश्न सगळे शेवटी," राजवाडा दाखवणारे दळवीकाका म्हणाले. पन्नास मिनिटांच्या खासगी फेरीतली पहिली चार मिनिटं त्या कापडी मोज्यांनीच खाल्ली.

नूपुर गवंडेचं डोकं तिथेच तापायला लागलं. प्रश्न शेवटी? अहो, प्रश्न विचारायलाच तर ती आली होती!

भैरवठाणच्या राजवाड्यात रोज हजारभर माणसं रांगेनं यायची, झुंबरं बघायची, पेंढा भरलेल्या वाघाशेजारी फोटो काढायची आणि निघून जायची. खासगी फेरीवाल्यांना मात्र रांगेतल्यांच्या नशिबी नसलेली एक गोष्ट मिळायची: नादवाचक. दिसायला छोट्या इस्त्रीसारखा. भिंतीला टेकवला की त्यातला बारीक किरण गिलाव्यात शिरायचा आणि शंभर वर्षांपूर्वीचा आवाज बाहेर यायचा. जुना चुना वाळताना हवेतला वायू ओढून दगड बनतो. तो दगड बनत असताना खोलीत जो आवाज होतो, त्याची थरथर त्याच्या कणांत गोठून बसते. हा शोध लागून आता नऊ वर्षं झाली होती. नूपुरनं तर शाळेच्या प्रयोगशाळेत चुन्याची ओली लादी ठेवून अख्ख्या दहावी 'ब'चा दंगा तिच्यात पकडून दाखवला होता. विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला आणि बक्षीस म्हणून ही फेरी मिळाली. दोघांसाठी.

दुसरं कोण, हे ठरवायला तिला एक मिनिटही लागलं नव्हतं. वैजूआत्या! एस.टी.तून निवृत्त झालेली कंडक्टर. तिची कुजबुजसुद्धा शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायची.

आत्याला तिच्या आजीनं वाढवलं होतं. ती आजी, तानूबाई, मुकी होती. जन्मापासून नव्हे. सोळाव्या वर्षी ती याच राजवाड्याच्या बांधकामावर, मुदपाकखान्यात म्हणजे स्वयंपाकघरात, चुन्याची जमीन चोपायला होती. अठराव्या वर्षी घटसर्प झाला, जीव वाचला, आवाज गेला. लग्न त्यानंतरचं. म्हणजे नवऱ्यानं, मुलांनी, नातवंडांनी, कुणीच कधी तिचा आवाज ऐकला नव्हता. आत्या सतरा वर्षांची असताना ती वारली. "टाळी वाजवून हाक मारायची मला," आत्या सांगायची. "एकदा तरी तोंडानं 'वैजू' म्हणावं असं फार वाटायचं गं."

वैजू नाही तर नाही, पण मुदपाकखान्याच्या जमिनीत काहीतरी असणारच होतं. नूपुरनं हिशेब करून ठेवला होता. चुना ओला होता आणि तानूबाई तिथे होती. बस, तेवढंच तर लागतं!

पण दळवीकाका त्यांना घेऊन गेले दरबार हॉलमध्ये.

"आता कान द्या," ते दबक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी नादवाचक भिंतीला टेकवला. सतार वाजली. मग एक मंजुळ आवाज आला, "प्रजेच्या सुखातच आमचं सुख आहे, महाराज..."

"थोरल्या राणीसाहेब," काकांनी मान लववली.

"काका, राणीसाहेब इथे राहायला कधी आल्या?"

"प्रश्न शेवटी."

"मघाशी तुम्हीच म्हणालात, काम पुरं झाल्यावर आठ महिन्यांनी वास्तुशांत झाली. तोवर हा गिलावा ठणठणीत वाळला होता. वाळलेल्या चुन्यात आवाज शिरतच नाही!"

"बाळ, पुढच्या दालनात खूप छान वाघ आहे."

झालं! वाघाच्या दालनात महाराज शिकारीच्या गप्पा मारत होते. संगीत दालनात कुणी बुवा ताना घेत होते. देवघरात राजमाता नातवाला गोष्ट सांगत होत्या. प्रत्येक ठिकाणी नूपुर म्हणायची, "मुदपाकखाना?" आणि काका म्हणायचे, "तो फेरीत नाही." प्रत्येक ठिकाणी सगळ्यांचं बोलणं इतकं स्वच्छ, इतकं शुद्ध की तिला किंचाळावंसं वाटत होतं. खोटं आहे हे! धडधडीत खोटं! आणि घड्याळ आपलं पळतंय. चौतीस मिनिटं संपली होती.

शेवटी आत्याच जिन्यात वाट अडवून उभी राहिली.

"अहो दळवी, मी तीस वर्षं तिकिटं फाडलीत. बिनतिकिटाचा माणूस मला तोंडावरून कळतो. तुमचं तोंड मगापासून तसंच दिसतंय."

दळवीकाकांनी आजूबाजूला पाहिलं आणि ते चक्क पायरीवर बसले. दमलेले दिसत होते.

"खरं ऐकायचंय? खरं पहिल्या वर्षी ऐकवायचो आम्ही. एक साहेब लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घेऊन आले. दरबार हॉल, फुलं, सगळं. नादवाचक लावला आणि भिंत काय म्हणाली? 'आरं घमेलं आण की, मेलास काय तिकडं?'"

आत्या फस्सकन हसली.

"तुम्ही हसताय. त्यांनी तक्रार केली. सगळेच करायला लागले. राजे येण्याआधी भिंती वाळल्या, त्यामुळे अख्ख्या वाड्यात राजघराण्याचा एक शब्द नाही. आहेत ते गवंडी, बिगारी, मुकादम आणि जमीन चोपणाऱ्या बायका. मग फेऱ्या चालवणाऱ्या कंपनीनं नट बोलावून हे आवाज यंत्रात भरले."

"मग ते खरे आवाज कुठे गेले?" नूपुरनं विचारलं.

"जातील कुठे? भिंतीत आहेत. ऐकत कोणी नाही."

"माझी आजी आहे त्यांच्यात," आत्या म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. कधी नव्हे ते हळू आवाजात.

काका उठले. "अकरा मिनिटं राहिलीत. चला. कुठे बोलू नका म्हणजे झालं."

मुदपाकखान्यात खुर्च्यांचे ढीग आणि एक मोडका पाळणा पडला होता. जमीन मात्र अजून तुळतुळीत होती, साईसारखी. तिघंही गुडघे टेकून बसले. काकांनी एक खटका फिरवला, तशी नादवाचकाच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर रेघ उमटली.

"शंभर वर्षं लोक चाललेत इथून. वरचा थर झिजलाय," ते नूपुरला म्हणाले. "पांढरी रेघ म्हणजे चुन्यातून मिळालेला आवाज. निळी दिसेल तिथे चुन्यात काही उरलेलं नाही. आजूबाजूचं ऐकून यंत्र ते अंदाजानं भरतं."

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं डोळे आधीच मिटले होते.

धप्. धप्. धप्. दहा-बारा लाकडी चोपणी एका तालात पडत होती, आणि त्यावर बायकांचा आवाज:

"चोप गं बाई चोप, जमिनीचा कर आरसा,
मुकादम डोकावला, पळाला घाबरा कसा!"

हशा पिकला. लांबून कुणी पुरुष खेकसला. पुन्हा हशा. नूपुरच्या अंगावर काटा आला. एकशेपंधरा वर्षांपूर्वी या पोरी मुकादमाची टर उडवत होत्या, आणि रेघ पांढरीशुभ्र होती! मग एकीनं हाक मारली, "तानू, ए तानू, पाणी शिंपड की हिकडं!"

आत्यानं नूपुरचं मनगट घट्ट धरलं.

"आले गं! दोनच हात हायत मला!"

टपोरा, खट्याळ, किंचित घोगरा आवाज. आत्याच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. "परत," ती म्हणाली. काकांनी परत लावलं. "आले गं! दोनच हात हायत मला!" आत्या हसत होती, रडत होती. "बघ, कशी उलटून बोलते! बघ की!"

नूपुर बघत होती. पडद्याकडे.

हाक पांढरी होती. 'आले'मधला 'आ' पांढरा होता. पुढे सगळं निळं.

तिनं मान वर केली. दळवीकाका तिच्याकडेच बघत होते. त्यांनी पडदा अलगद आपल्याकडे वळवला आणि ओठांवर बोट ठेवलं. आत्या पदरानं नाक पुसतेय असं बघून ते पुटपुटले, "फेरीभर खरं-खरं करून माझं डोकं खाल्लंस. आता राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय?"

नूपुरला त्यांचा भयंकर राग आला. यंत्राचा आला, जमीन झिजवणाऱ्या सगळ्या पायांचा आला. आणि सगळ्यांत जास्त राग याचा आला, की काकांचं म्हणणं तिला पटत होतं.

"नूपुर," आत्या म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "तुझं विज्ञान काय म्हणतं? हीच ना गं माझी आजी?"

हो म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द आणि सगळे खूश. राणीसाहेबांचा आवाज ऐकून बाहेर पडणारे पाहुणे खूश असायचे, अगदी तसेच.

"आत्या, सुरुवातीला 'आ' ऐकू येतो ना, तो तिचा आहे," नूपुर म्हणाली. आपला आवाज कापतोय हे तिला आवडलं नाही. "तेवढा नक्की तिचा. चुन्यातून आलाय. पुढचं पुसून गेलंय. ते यंत्रानं... जुळवलंय."

नूपुरनं काकांच्या हातून नादवाचक घेतला आणि निळा भाग बंद केला. काकांनी अडवलं नाही.

"तानू, ए तानू, पाणी शिंपड की हिकडं!"

"आ—"

पापणी लवायच्या आत संपला. मग नुसती चोपणी. धप्. धप्.

आत्यानं तो तीनदा ऐकला. चौथ्यांदा तिनं वाकून कान जमिनीलाच टेकवला, जणू यंत्रावर तिचा भरवसा उरला नव्हता. दळवीकाकांच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. बाहेर पुढचे पाहुणे मोजे चढवत होते.

"एवढीशीच," आत्या म्हणाली. "पण हाय."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. पदर सारखा केला. दारापर्यंत गेली आणि थांबली. त्या गुळगुळीत जमिनीकडे वळून बघत तिनं विचारलं,

"मग पुढचं जी बोलली, ती कोण गं?"