खटक्याची तार

त्या रात्री माझी झोप उडाली ती एका वीतभर गंजक्या तारेपायी. ती तार माझ्या नवऱ्याने, रादोयेने, सँडब्लास्टिंग यंत्राच्या खटक्याला गुंडाळून ठेवली होती. खटका दाबून धरला की नळीतून वाळूचा फवारा सुटतो, सोडला की बंद. माणूस कोसळलाच तर यंत्रानेही थांबावं, म्हणून ही सोय. रादोयेची बोटं दुखतात, म्हणून त्याने सोयच बांधून टाकली. मी इतिहासाची पदवीधर, यंत्राचं माहितीपुस्तक उशाशी घेऊन झोपणारी बाई. मी कुणाला काय शिकवणार?

तरी सकाळी बोललेच. "तार काढ. आणि नदीची वाळू वापरू नकोस. त्याच धुळीने तुझ्या वडिलांची फुप्फुसं खाल्ली."

"फवाऱ्याची चांगली भुकटी संपलीय. शनिवारी पितरांचा दिवस, सगळं गाव दफनभूमीत जमणार. तू पुस्तक वाच, मी दगड उरकतो."

आमच्याकडे माणूस जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड करवून घेतो. नाव, जन्मसाल, आणि मरणाच्या सालाला मोकळी जागा. माझे सासरे द्रागुतिन त्या जागेत आधीच '१९' कोरून ठेवत. पुढचे दोन आकडे मेल्यावर. मग दोन हजार साल उजाडलं, आणि अर्धं गिऱ्हाईक जिवंतच. तेव्हापासून आम्ही वाळूच्या फवाऱ्याने 'एकोणीस' पुसतोय.

त्या दुपारी ब्याण्णव वर्षांची स्तानोय्का आजी कारखान्याच्या पायरीवर काठी आपटत बसली होती. शेजारी माझी चार वर्षांची नेवेना, दगडावर चिकटवायच्या साच्यातून कापून उरलेल्या रबरी आकड्यांशी खेळत.

"तुझ्या सासऱ्याला माझी भलतीच घाई होती गं," आजी म्हणाली. "गाव म्हणतं, म्हातारी मागच्याच शतकात गेली, तिला कळवायचं तेवढं राहिलं."

"आज पुसून होईल तुझं 'एकोणीस', आजी."

"पण तो निदान विचारपूस करायचा. तुझा नवरा 'या' म्हणत नाही."

विचारपूस म्हणजे एकच प्रश्न. सासरे कुणालाही बघितलं की, दगड कोरायलाच घ्यावा तसं, आधी विचारत, "जन्मसाल?" आमच्या साखरपुड्यात मलाही विचारलं होतं.

रादोयेने तोंड झाकणारा टोप चढवला, त्याला श्वासासाठी हवेची नळी जोडली आणि फवाऱ्याच्या बंद खोलीत गेला. नळी घट्ट बसलीय का, ते मी दोनदा विचारलं. तो दोनदा वैतागला. खोलीला एकच दार, आणि मी त्यालाच टेकून काचेतून बघत होते. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. वाळूच्या सरसराटाने दात शिवशिवले. ओल्या चुन्यासारखा वास... आत नुसती करडी धूळ. त्या धुळीत रादोयेचा टोप दिसला.

मग त्याच्या शेजारी दुसरा.

जुना, कापडी, डाव्या बाजूला ठिगळ लावलेला. तो टोप आम्ही सासऱ्यांबरोबरच पुरला होता... नेवेनाच्या जन्माआधी.

सरसराट एकदम थांबला.

मी दार उघडलं. रादोये जमिनीवर बसून खोकत होता. हवेची नळी टोपापासून निसटून पडली होती. मी त्याला ओढत बाहेर आणलं.

"बरं झालं... तार काढलीस," तो धापा टाकत म्हणाला.

"फवारा थांबेपर्यंत मी आत आलेच नव्हते, रादोये."

"आता तरी भांडू नकोस! वाचवलंस ना? मग कबूल कर की!"

मी दारातून पुन्हा आत पाहिलं. तार आजीच्या दगडावर ठेवलेली होती. दोन बोटांवर वळलेली, टोक आत खोचलेलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खणात सासऱ्यांनी गुंडाळलेल्या अशा किती तरी तारा अजून पडून आहेत.

आजीने आत डोकावून तार पाहिली आणि तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली. "माझ्यासाठी आला असेल तर सांगा त्याला, दगड अजून तयार नाही म्हणावं."

"तुझ्यासाठी नाही," रबरी आकडे रांगेत मांडता मांडता नेवेना म्हणाली. "खोकणारे आजोबा बाबाचं जन्मसाल विचारत होते. मी म्हटलं, आईला विचारून सांगते."

मग तिने मान वर करून माझ्या मागे, उघड्या दाराकडे पाहिलं.

"सांग ना, आई. ते थांबलेत."