रंभाजीची प्यादेमात

कंदील जरा बारीक करा रे. आणि पुंजाराम, सारखा दाराकडं बघू नकोस, कुणी येत नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. आसाराम मुकादमानं दवाखान्यातल्या खाटेवर पडून मला स्वतः सांगितली. दीड वर्षही झालं नसेल त्याला.

त्र्याहत्तर सालची पौषातली अमावस्या, शनिवार. बेलापूरच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं आणि मी तिथं मजुरांची हजेरी लिहिणारा कारकून होतो. छिन्न्या बोथट झाल्या होत्या, म्हणून त्या पुणतांब्याच्या लोहाराकडून पाजवून आणायला आसाराम दुपारी सायकलवर गेला. लोहाराकडं गर्दी. निघेपर्यंत दिवस मावळला. छिन्न्या कामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकायच्या आणि घरी जाऊन गरम भाकरी खायची, एवढाच त्याचा बेत होता.

आता आसाराम कसा, ते ऐका. बुद्धिबळाचा नाद जबर, पण डोकं म्हणजे तापलेला तवा. दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं पट आखायचा. हरायला लागला की पट उधळायचा आणि वर मिशीला पीळ देऊन सांगायचा, आपण कधी हरलो नाही म्हणून!

त्याच्यासमोर बसायचा रंभाजी शिंपी. दुष्काळात नवे कपडे कोण शिवतो? म्हणून तोही खडी फोडायला आला होता. बारीक चणीचा, अबोल. शेजारी सुरुंग उडाला तरी त्याची नजर पटावरून हलत नसे. आधी आपला राजा बघायचा, मग समोरच्याचा, मगच हात उचलायचा.

मार्गशीर्षात एका दुपारी त्यानं आसारामावर प्यादेमात केली. वजिरानं मात केली तर ती नुसती मात. साध्या प्याद्यानं केली की गावभर बोलबाला. खडी फोडणाऱ्या चाळीस बाया बघत होत्या. कडूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मुकादम, प्याद्यानं मारलं की वो तुमाला!" सगळ्या फिसकन हसल्या.

त्या दिवशी आसारामानं पट उधळला नाही. बाजूचा हातोडा उचलला. रंभाजीचा हात अजून प्याद्यावर होता, त्यावरच घातला. एकदा नाही, तीनदा. प्याद्याचा भुगा कुठला आणि बोटांचा कुठला, ते कळेना.

कागदावर लिहिलं गेलं, की खडी फोडताना हात सापडला. ते मीच लिहिलं. मुकादमानं बोट केलं की माणूस कामावरून जायचा, म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. बाराव्या दिवशी रंभाजी धनुर्वातानं, दातखीळ बसून, तडफडून गेला. मला त्या लिहिण्याची आजही लाज वाटते.

तर त्या अमावस्येला आसाराम शेडपाशी आला, तेव्हा आठ वाजून गेले होते. आत दिवा होता. राखणदार असेल असं समजून तो छिन्न्यांचं पोतं घेऊन आत शिरला.

पट मांडलेला होता. पलीकडं घोंगडी पांघरून कुणी बसलं होतं. उजवा हात घोंगडीच्या आत.

"बसा, मुकादम."

आवाज रंभाजीचा. आसारामाच्या हातून पोतं गळलं. पळावं म्हटलं, तर पाय जमिनीतून उपटेनात.

"जिंकला तर घरी जा. हरला तर हात हितं ठिवून जा. आन् नजर पटावरनं हलवायची न्हाई."

आसाराम बसला. प्यादी सरकली. तेवढ्यात शेडबाहेर आवाज आला. ठक्. दगडावर हातोडा पडल्याचा.

दचकून त्यानं मागं बघितलं. त्याच क्षणी करंगळीचं नख मुळासकट उपसलं गेलं. कुणी हातही लावला नव्हता. पटावर रक्त सांडलं.

"पटावर बघा, मुकादम. म्या बघायचो तसं."

ठक्. ठक्. आवाज जवळ आला. आसारामाचा हत्ती मेला. मानेवर कुणाचातरी श्वास. सडलेल्या जखमेचा वास. आसारामानं दात आवळले आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. श्वास सावकाश घेतला. आधी आपला राजा बघितला. मग समोरचा. मग चाल.

खरं सांगतो, तो तसा कधीच खेळला नव्हता. डोकं थंडगार. बाहेर दगड फुटत होते, करंगळी ठणकत होती, पण त्याला फक्त चौसष्ट घरं दिसत होती. घोडा मारला. उंट मारला. समोरचा राजा कोपऱ्यात गेला.

आणि मग दिसलं... वजीर एक घर सरकवला की मात. सुटका.

हात वजिराकडं गेला.

पण शेजारी प्यादं होतं. आत्ता एक घर सरकवलं, तर पुढच्या चालीला प्यादेमात. कानात त्या बायांचं हसू घुमलं. डोकं तापलं. शिंप्याला प्याद्यानंच मारीन...

त्यानं प्यादं सरकवलं.

आपला राजा बघितला नाही.

बाहेरचा आवाज थांबला.

घोंगडीतून उजवा हात निघाला. बोटं नव्हती. नुसता लगदा. त्या लगद्यानं घोडा उचलला...

"शह."

आसारामानं बघितलं. राजाला एकही घर नव्हतं.

"मात झाली, मुकादम."

आवाजात राग नव्हता.

मग हातोडा पडला. एकदा. दोनदा...

तीनदा.

...

दिवा मोठा करू नका. संपतच आलंय.

सकाळी कडूबाईला तो सापडला. हात पटाच्या पत्र्यात रुतून बसलेला, पत्रा कापून सोडवावा लागला. डॉक्टरांनी हात मनगटातून काढला. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्याकडं टक लावून म्हणाला, "जाताना त्यानं इचारलं, तो कागद कुनी लिव्हला हुता?"

"मग?" मी विचारलं. "काय सांगितलंस?"

तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

आणखी एक. शनिवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला दोन ट्रक काळे धोंडे पडले होते. चाळीस बायांचं आठवड्याचं काम. रविवारी सकाळी त्यातला एकही धोंडा उरला नव्हता. सगळी खडी झाली होती, बारीक, एकसारखी. ऐन थंडीची सकाळ. मी वाकून एक खडा उचलला आणि तसाच टाकला.

तो गरम होता.