अर्ध्या खटक्यावरचं दार

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे घडलंय. डेन्झिलनं स्वतः सांगितलं, आणि डेन्झिल थापा मारणाऱ्यातला नाही.

इंग्लंडातल्या लिंकनशरमधली गवताची धावपट्टी. सप्टेंबरची संध्याकाळ. बार्ली कापून झालेली, शेतं सोनेरी नि उजाड.

डेन्झिलकडे स्पिटफायर होतं. महायुद्धातलं, एकट्या माणसाचं लढाऊ विमान. लेकीला जपावं तसं तो त्याला जपायचा.

निघताना त्याची मेकॅनिक हेटी हिनं त्याचे पट्टे आवळले.

"उतरताना काच मागं, दार अर्धं. विसरलास तर चहा नाही!"

"हो गं माझे आई! रोज तेच."

रोज तेच, कारण रीतच तशी. उतरताना डोक्यावरची काच मागे सारायची आणि बाजूचं छोटं दार अर्ध्या खटक्यावर ठेवायचं. मग विमान आपटलं तरी काच पुढे येऊन मिटत नाही. युद्धात ज्यांची मिटली, ते आतच राहिले.

वर गारठा होता. काच बंद. इंजिन जात्यासारखं एका लयीत घरघरत होतं.

पेट्रोल उतरलं तसा तो परत फिरला. काचेची मूठ ओढली...

हलली नाही.

विमान वळवायचा दांडा गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी ओढली.

नाही.

आणि मग... ठक. ठक.

काचेवर. आतून.

डेन्झिलचे दोन्ही हात तर मुठीवर होते!

त्यानं दाराचा खटका अर्ध्यावर आणला. तो आपोआप पुरता बसला. पुन्हा आणला. पुन्हा बसला. जणू कुणी घाबरून उलट्याच बाजूला ओढत होतं...

कानात धापा ऐकू येत होत्या. त्यानं स्वतःचा श्वास रोखला.

धापा चालूच.

खाली गवत, माणसं, वारा. आणि तो बाटलीतल्या माशीसारखा काचेत.

तसाच उतरला. चाकं आदळली, विमान उसळलं, थांबलं. हेटी धावत येऊन पंखावर चढली. एका बोटानं तिनं काच मागे सारली.

"उघडी तर आहे की रे! मग रेडिओवर 'काढा मला' म्हणून का बोंबलत होतास?"

डेन्झिल रेडिओवर एक शब्द बोलला नव्हता.

तो धडपडत गवतावर उतरला. हेटी मात्र पंखावरच. वाकलेली. एक हात आत, कोपरापर्यंत.

"हेटी, ये खाली."

ती हलेना.

"हेटे, थट्टा पुरे!"

तिनं मान वळवली. चेहरा पांढराफटक.

"डेन्झिल... हा माझा हात सोडत नाहीये."

आत नुसती रिकामी सीट होती.

अंधार पडला तरी ती तशीच. रडत्या लेकराला समजवावं तसं हळू हळू काहीबाही बोलत राहिली. मग कधीतरी हात मोकळा झाला. काय बोलली, ते आजवर सांगितलेलं नाही.

विमान अजून शेडमध्येच आहे. गिऱ्हाइकं येतात, डेन्झिल विकत नाही.

"तो उतरला की आतच आहे?" तो हेटीला विचारतो. "ते कळल्याशिवाय दुसऱ्या कुणाला त्यात कसं बसवू?"



हेटी नुसतं मनगट चोळत राहते...