पुढचं वाचलंच नाही

दिवा जरा इकडं सरकव, दिव्यानी. आज तुझ्या बापाचं सांगतो.

दोन हजार सातची गोष्ट. चंद्रपूरला साधनाबाईच्या इंटरनेटच्या दुकानात मी माठ भरायचो, झाडू मारायचो. बाहेरगावी कामाला गेलेल्या आपल्या पोरांसाठी बाईनं कॉम्प्युटरवर गप्पांचा कट्टा उघडला होता. पोरं टोपणनावानं लिहायची. वंगाळ बोलणं ती काढून टाकायची. मन अडलं की मला वाचून दाखवायची. मला अक्षर येत नव्हतं, पण मी कधी कुणाला अबे म्हटलं नाही, म्हणून माझ्यावर भरवसा.

मे महिन्यातली दुपार होती. बाईनं वाचलं, “‘अबे साल्याहो, मेले का सारे?’ ठेवू का काढू, लटारूभाऊ?”

“काढ बाई. लेकीबाळी वाचतेत.”

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्याही. पुढं काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. तिनंही वाचलं नाही.

आठव्या दिवशी मुखरू आला. हैदराबादेत तुझ्या बापासोबत बांधकामावर होता. हातात तुझ्या बापाची, माझ्या धनराजची पिशवी.

“काऊन नाई आले, भाऊ? तापात उठून तीनदा लिवलं त्यानं. माह्या बापाले पाठवा म्हने… तीन दिवस दरवाजाकडं पाहून राह्यला होता.”

धनराज तसाच होता. मायेनंही शिवीच द्यायचा. मला ते माहीत होतं, पोरी.

तेरवी करून कामावर गेलो. दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले. मी पाठमोरा माठ भरत होतो. ओल्या सिमेंटचा वास आला. मागून बाईच्या आवाजात कुणी हळूहळू वाचू लागलं…

“बाबा, आपणास नम्र विनंती. मी आजारी आहे. आपण यावे…”

मग थांबून, अगदी हळू, “आता नीट लिवलं न? आता तं नाई काढणार?”

“ठेव बाई…” मी म्हणालो. “ठेव.”

तेवढ्यात साधनाबाई रस्त्यावरून आत आली. “कोनाशी बोलून राह्यले, भाऊ?”

ते दुकान मोडून किती वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेले. पण दुपारी लाईट गेली की तो वास येतो, तो विचारतो. मी दरवेळी ठेव म्हणतो. त्याला ऐकू जात नाही. दर खेपेला तो आधीपेक्षा जास्त अदबीनं बोलतो.

काल त्यानं मला बाबा म्हटलं नाही, दिव्यानी… साहेब म्हटलं.