शुक्रवारी शाळा बाराला सुटेल

"नाव कमी केलंय म्हणता? मग हा कागद काय आभाळातून पडला? मेलेल्या लेकराच्या घरी शाळेची खबर धाडता, लाज कशी वाटत नाही?"

हे सगळं मोटरवाला बोलत होता ते सायकलच्या दांडीला. मोठ्या बाई शाळेत होत्या, अजून कोसभर लांब. पण याचं भांडण घराच्या उंबऱ्यापासूनच सुरू झालेलं. बाईंची उत्तरंही तोच देत होता, नाक मुरडून. विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करणारा गडी. मोटर ऐकेना की पान्हा फेकून मारायचा. माणसांशीही तसाच.

शाळा पाचवी ते आठवीची. मोठ्या बाई दर गुरुवारी एक कागद काढायच्या, 'घरच्यांसाठी खबर'. कुणाचे डोळे तपासले, कुठल्या वर्गानं झाडं लावली, सोमवारी काय आणायचं, असलं सगळं. खाली एक चिठ्ठी. वाचलं म्हणून पालकानं तिच्यावर सही करायची, फाडायची आणि शुक्रवारी पोराच्या हाती परत द्यायची. पद्धत बाईंचीच, आणि त्या एकेक चिठ्ठी जपून ठेवायच्या.

मोटरवाल्याला अक्षरं यायची, पण एकेक. दुसरं येईपर्यंत पहिलं पळून जायचं. म्हणून खबर वाचायची त्याची लेक. एवढीशी होती, सगळे टिकलीच म्हणायचे. कंपासपेटी खुळखुळवत बापासमोर बसायची आणि बाईंच्या आवाजात वाचायची. बापाला सही तिनंच शिकवली. सहीशेजारी त्याचा ग्रीसचा अंगठा उठायचाच. "बाई म्हणतात, तुझ्या बाबांची चिठ्ठी लांबूनच कळते," असं सांगून हसायची.

तीन महिन्यांपूर्वीच्या गुरुवारी मोटर उघडून पडली होती आणि याचं डोकं फिरलेलं.

"बाबा, ऐका ना, उद्या शाळा..."

"कटकट नको. आण इकडं."

सही ठोकली. अंगठा उठला. संपलं.

कागदावर होतं की कुंपणाच्या भिंतीलगत नळासाठी चर खणायचाय, शुक्रवारी शाळा बाराला सुटेल, पालकांनी मुलांना स्वतः न्यायला यावं. शुक्रवारी सगळ्यांचे आले. टिकली थांबली. शिपाईमामानं विचारलं तर म्हणाली, "बाबांनी सही केलीय. येतील." मामा फाटकाला कुलूप घालून गेला. ऊन मी म्हणत होतं. पोर फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीला बसली. तीनच्या सुमारास खालची माती सुटली आणि भिंत तिला घेऊन चरात आली.

तेव्हा हा एका विहिरीवर मोटरीला शिव्या घालत होता.

बाईंनी कळवलंच नाही, असं त्यानं गावभर सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं. बाई गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या म्हणून तर हा जास्तच ओरडला.

आणि आता दर गुरुवारी खुंटीवरच्या टिकलीच्या दप्तरात नवा कागद. शेजारची पोरगी टाकून जात असेल, असं त्यानं धरलं होतं. बायको तो छातीशी धरायची. शुक्रवारी सकाळी तेल-फणी घेऊन उंबऱ्यावर बसायची. "अहो, जा ना. आणा तिला," म्हणायची. अन्न सुटलं होतं तिचं. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जायची. आज ती उठलीसुद्धा नाही. पडल्या पडल्या म्हणाली, "आज तरी जा."

म्हणून जमलेले तेरा कागद खिशात कोंबून हा निघाला होता.

शाळेत पोचला तेव्हा पोरं पलीकडच्या मैदानावर होती. ऑफिसात मोठ्या बाई एकट्याच. यानं कागद टेबलावर आपटले. बाई दचकल्या नाहीत. कपाटातून एक डबा काढला, झाकण उघडलं, त्याच्यापुढं सरकवला.

"टिकलीचे बाबा, तुमचा राग मला समजतो. पण दर शुक्रवारी हे कशाला पाठवता?"

डब्यात चिठ्ठ्या. तेरा. प्रत्येकीवर त्याची सही, शेजारी ग्रीसचा अंगठा.

"एकशेबारा कागद काढते मी," बाई म्हणाल्या. "मोजून. परत येतात एकशेतेरा."

"मी नाही पाठवल्या."

"मग?"

त्यानं सगळ्यात वरची, आजचीच, चिठ्ठी उचलली. सहीतला शेवटचा फाटा वर गेला होता. त्याचा नेहमी खाली जायचा, त्यावरून टिकली त्याला चिडवायची. मग त्यानं आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. ठसा खाली पार झाकला गेला. त्याच्या निम्म्यानंही नव्हता.

खोलीत ओल्या मातीचा वास यायला लागला. बाहेर तर रखरखीत ऊन.

"बाई... हे कागद वाचून दाखवा."

बाईंनी वरचा घेतला. चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हे मी लिहिलेलं नाही. या आठवड्यात मी दात तपासणीचं लिहिलंय."

"काय लिहिलंय ते वाचा."

"शुक्रवारी शाळा बाराला सुटेल. पालकांनी..." त्यांनी दुसरा उघडला. तिसरा. "सगळ्यांत तेच आहे... तेवढंच."

मोटरवाला खाली बसला, खुर्ची सोडून फरशीवर.

"तेव्हाचा मी वाचला नव्हता, बाई. पोर वाचत होती, मी गप्प केलं तिला. नुसती सही केली. आणि नाव तुमचं घेतलं गावात."

"माहीत होतं मला. तुमची चिठ्ठी माझ्याकडेच आहे की."

"मग दाखवली का नाहीत कुणाला?"

"तुमच्या बायकोला काय वाटलं असतं?" बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "आणि कुलूप तर माझ्याच शिपायानं घातलं होतं. मी होते ना आत. एकदा बाहेर डोकावले असते तर..."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. खुळखुळ. थांबला. परत खुळखुळ. पत्र्याच्या पेटीत पेन्सिली, कर्कटक.

शाळेमागं ते जुनं फाटक होतं. भिंत नवी बांधली, पण फाटकाचं कुलूप त्या दिवसानंतर कुणी काढलं नव्हतं. पोरं आता पुढच्या दारानं यायची.

"तिकडं... कुणी जात नाही आता," बाई अगदी हळू म्हणाल्या. "मैदानावरची पोरं असतील."

मैदानावरची पोरं समोरच्या खिडकीतून दिसत होती.

मोटरवाल्यानं हातातली आजची चिठ्ठी पाहिली. त्याच्या बोटाला काळं लागलं होतं. त्यानं चोळून बघितलं. ग्रीस ओलं होतं. तीन महिन्यांत त्यानं एकाही मोटरीला हात लावला नव्हता.

फाटक हललं. वारा नव्हता.

तो उठला. आवाज न चढवता म्हणाला,

"बाई, बारा वाजतायत. मी आलोय. किल्ली घ्या आणि ते कुलूप काढा."